बांधावरच्या गप्पा : लाल दिवा लागतो आणि विझतो



आज पिकाविषयी लिहीत नाही, गाडीविषयी लिहितो. शेतीखात्यातल्या माणसाने मोटारीतले काय सांगावे, असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. कॉलेजात अवजारांच्या तासाला एक इंजिन उघडून पाहिले होते, तेवढेच माझे पुस्तकी ज्ञान. पुढे जे कळले ते खात्याच्या जीपगाड्या आडरानात बंद पडल्यामुळे आणि मिस्त्रीच्या शेजारी बॅटरी धरून उभे राहिल्यामुळे. पण आज बैलजोडीच्या जागी घरोघरी ट्रॅक्टर आणि पिकअप उभी आहे. बैल रवंथ करीनासा झाला की घरातली जुनी माणसे लगेच ओळखत, जनावराचे काहीतरी बिनसले आहे. गाडीच्या बाबतीत ती ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असते, म्हणून हा प्रपंच.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळी सहाच्या सुमाराला दारात एक पिकअप जीप येऊन थांबली. ओतूरच्या अलीकडचे एक टोमॅटो बागायतदार, मी त्यांना आबा म्हणतो, आणि सोबत वहिनी. जीप डिझेलची, जुनी, आबांनी तिसऱ्या हाताने घेतलेली. जवळचा माल नारायणगावला आणि भाव बरा असला तर माळशेज घाट उतरून कल्याणला, असा तिचा उन्हाळाभर राबता. वहिनी हिशेबाला म्हणून बहुतेक खेपांना सोबत असतात.

"साहेब, तो लाल दिवा लागतोय."

"कुठला?"

"किटलीचा. लागतो आणि विझतो. लागला म्हणून थांबावं, तर विझून जातो. गॅरेजला नेली की लागतच नाही."

हे दुखणे सगळ्यांत वाईट. कायम लागलेल्या दिव्याला माणूस भितो आणि गाडी थांबवतो. लागून विझणाऱ्या दिव्याची सवय होते. आबांच्या थोरल्या पोराने तर कमाल केली होती. आई सारखी त्या दिव्याकडे पाहते म्हणून त्याने दिव्यावर आईचीच एक टिकली चिकटवून टाकली! वहिनींनी ती दुसऱ्या दिवशी काढली, पण तिचा गोल डाग काचेवर अजून होता.

तोवर तीन गॅरेजे झाली होती. पहिल्याने दिव्याचा स्विच बदलला. दुसऱ्याने ऑइल काढून घट्ट ऑइल भरले. तिसऱ्याने इंजिनाला कान लावून सांगितले की बेअरिंगे गेली, इंजिन बांधावे लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला. वहिनींच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात त्यांच्या पाटल्या होत्या. जुन्नरला गहाण ठेवायला निघाले होते, वाटेत माझे घर लागते म्हणून थांबले. ऐन तोडा सुरू असताना जीप पंधरा दिवस उभी राहिली तर टोमॅटो झाडावरच पिकून खाली पडणार, हेही होतेच.

"तुम्ही सांगा, काय करावं?" आबा म्हणाले.

मी लगेच काही सांगितले नाही. त्याचे कारण आहे आणि ते सांगायला मला आजही बरे वाटत नाही.

२००४ सालची गोष्ट. माझी नेमणूक तेव्हा ऊसपट्ट्यात होती. माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढत होता. एके दिवशी एस.टी. स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "दादा, ऑइलचा दिवा मधेच लुकलुकतो रे." त्याच्या आधी महिनाभरापूर्वीच आमच्या खात्याच्या जीपचा दिवा असाच लुकलुकत होता आणि दोष निघाला होता नुसत्या स्विचचा. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "स्विच बदल, बाकी काही नसतं." त्याने बदलला. तिसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या भरलेल्या असताना रस्त्यातच इंजिन धडधडले आणि जाम झाले. उघडले तेव्हा क्रँकवर बोटाला लागतील असे चर पडलेले. दीड महिना ट्रॅक्टर उभा राहिला, हंगाम गेला आणि वाहतुकीपोटी घेतलेली उचल अंगावर राहिली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. तेव्हापासून दिव्याविषयी कोणी विचारले की मी पट्टी पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आता हा दिवा सांगतो काय, ते पाहू. त्यासाठी ठिबकचा संच डोळ्यांसमोर आणा. विहिरीतून मोटर पाणी उचलते, फिल्टरमधून ते मेन लाइनला जाते, तिथून सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी ड्रिपरमधून थेंब. गेजवर दिसतो तो दाब मोटर करते असे आपण म्हणतो. पण मोटर फक्त पाणी ढकलते. पुढे ड्रिपरची बारीक भोके त्याला अडवतात म्हणून दाब तयार होतो. उंदराने मधेच लॅटरल कुरतडली तर मोटर तीच, विहीर तीच, पण गेजचा काटा खाली येतो. फूट व्हॉल्व्हची जाळी शेवाळाने बुजली तरी काटा खालीच येतो. काटा एकच, पण दोन दुखणी अगदी वेगळी.

इंजिनात अशीच व्यवस्था आहे. खालचे ऑइल चेंबर ही विहीर. तिच्यात बुडालेली जाळी हा फूट व्हॉल्व्ह. पुढे ऑइल पंप, जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, फिल्टर, आणि मग ब्लॉकमधल्या बारीक वाटांनी ऑइल क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जाते. बेअरिंग म्हणजे आपला ड्रिपर. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो आणि क्रँक त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा फाटला की धातूला धातू लागला, आणि मग माझ्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे झाले ते होते.

ठिबकात आणि यात एक मोठा फरक आहे. पाणी सकाळी आणि दुपारी सारखेच पातळ असते, ऑइल तसे नसते. गुऱ्हाळावर काकवी पाहिली आहे ना? कढईतली गरम काकवी उलथण्यावरून धार लावून पडते, तीच सकाळी डब्यातून निघता निघत नाही. इंजिन तापले की ऑइल पातळ होते आणि फटींतून भराभर निसटते. त्यात गाडी जागेवर मंद चालत असली तर पंपही हळू फिरतो. म्हणून तापलेले इंजिन आणि मंद चाल, या दोन गोष्टी जुळल्या की दाब सगळ्यांत कमी असतो.

आणि दिवा लागतो कधी? बहुतेक गाड्यांत दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेला तर. इंजिन तापून चांगल्या चालीत असताना दोन ते चार किलो दाब असावा लागतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ दाब चांगला आहे असा नाही, कसाबसा अर्ध्या किलोच्या वर आहे एवढाच. आणि दिवा लागला याचा अर्थ, दाब जवळजवळ संपला.

हे मी आबांना सांगत होतो तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मी लिहून ठेवलंय." आणि त्यांनी पिशवीतून दुधाची वही काढली. डेअरीत दूध घातल्याची लिटर-फॅटची ती वही. तिच्या मागच्या पानांवर त्यांनी दिवा केव्हा लागला ते पेन्सिलीने टिपले होते. "घाट चढून वर आलो, चहाला थांबलो, गाडी चालू, तेव्हा." "ओतूरच्या बाजारात गर्दीत अडकलो तेव्हा. रेस केली की गेला." "नारायणगावला गेलो-आलो, लागला नाही." आणि एके ठिकाणी, "ऑइल बदलले. आठ दिवस लागला नाही. नवव्या दिवशी घाटावर लागला."

मंडळी, तीन गॅरेजांत मिळून जे कळले नव्हते ते त्या एका पानावर होते. दिवा खड्ड्यात किंवा धक्क्याने लागत नव्हता, म्हणजे वायर सैल असण्याचा संभव कमी. रात्री थंड हवेत घाट उतरताना लागत नव्हता. दुपारी रिकामी गाडी घाट चढून तापली आणि मंद चालीवर उभी राहिली की लागायचा, रेस केली की जायचा. म्हणजे दाब खरोखरच कमी होता, दिवा खोटे बोलत नव्हता. पण दाब कमी का? बेअरिंगे झिजली असतील असे तिसरा मिस्त्री म्हणाला, ते या लक्षणांना धरूनच होते, त्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र त्याने ती शेवटची ओळ वाचली नव्हती. झिजलेले बेअरिंग आठ दिवस बरे होऊन नवव्या दिवशी पुन्हा झिजत नाही. जे काही बिघडत होते ते ऑइलमध्येच बिघडत होते.

चहा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे गेली, जीप सपाट जागेवर उभी होती. मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर दोन बोटे.

"ऑइल भरपूर आहे," आबा कौतुकाने म्हणाले. "ही गाडी ऑइल खातच नाही. एवढ्या दिवसांत एक थेंब टाकायला लागला नाही."

इथेच ठेच लागते, म्हणून सावकाश वाचा. जुने इंजिन थोडे ऑइल खाणारच. पट्टीवरचे ऑइल महिनाभर हलत नाही, उलट वर चढते, तेव्हा समजावे की चेंबरमध्ये कुठून तरी दुसरे काही येत आहे. पाणी आले तर ऑइल ताकासारखे पांढुरके होते आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साय धरते. इथे तसे नव्हते, ऑइल काळेच होते. मी बोटावर घेऊन चोळले तर पाण्यासारखे पातळ लागले. वहिनींनी पट्टी पुसलेले फडके नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "याला तर डिझेलचा वास येतोय. मागच्या आठवड्यात फडकी धुताना पण आला होता. मला वाटलं, पोरानं डिझेलचा हात पुसला असंल."

एक घरगुती तपासणी सांगतो. टिपकागद मिळाला तर उत्तम, नाही तर जाड कोरा कागद घ्या. त्यावर पट्टीवरच्या ऑइलचा एक थेंब टाका, शेजारी डब्यातल्या नव्या ऑइलचा एक थेंब टाका आणि दोन-तीन तास सपाट ठेवा. वापरलेल्या ऑइलचा मध्ये काळा ठिपका आणि भोवती करडे वलय, एवढे चालते. पण काळ्याच्या बाहेर पिवळट, पातळ, तेलकट वलय दूरवर पसरले तर डिझेल मिसळल्याचा दाट संशय घ्यावा. आमच्या कागदावर ते वलय बशीएवढे झाले. प्रयोगशाळेचा दाखला म्हणून याला कोणी मानणार नाही, पण मिस्त्रीला बोलावायला पुरेसे आहे.

मिस्त्रीला बोलावले म्हणजे त्याला घरी बोलावले. आबा म्हणत होते, "दोन किलोमीटर तर आहे, नेतो हळूहळू." मी किल्ली काढून खिशात टाकली. माझ्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री आहे, तो मोटरसायकलवर आला. त्याने फडके हुंगले, पट्टी पाहिली आणि म्हणाला, "या ऑइलवर मी इंजिन चालू करणार नाही." चेंबर सहा लिटरचे. खाली घमेले लावून नट काढला तर आठ लिटरच्या आसपास निघाले आणि तेही कसे, तर पाण्यासारखे भळाभळा.

इतके डिझेल आत गेले असता आणखीही एक धोका असतो. जास्त भरलेल्या चेंबरमधले पातळ ऑइल हवेच्या नळीतून इंजिनात ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच चालू राहते, चढत्या गतीने पळत सुटते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. मी असे इंजिन एकदाच पाहिले आहे. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

डिझेल येत होते कुठून? आबांच्या जीपसारख्या काही जुन्या इंजिनांत आणि बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ब्लॉकच्या बाजूला डिझेलचा छोटा फीड पंप बसवलेला असतो. त्याच्यात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला थेट इंजिनाचे पोट. पडद्याला चीर पडली की डिझेल थेंब थेंब चेंबरमध्ये. बाहेर कुठे गळती दिसत नाही, टाकी थोडी लवकर रिकामी होते एवढेच. मिस्त्रीने पंप उतरवला, नळी जोडून हाताने त्याचा खटका मारला, तर खटक्याच्या खालून डिझेल झिरपू लागले. आबा बघतच राहिले. गळका नोझल किंवा मोठ्या पंपाचे झिजलेले सील यांमुळेही डिझेल ऑइलमध्ये येते, पण ते तपासायचे काम पडले नाही.

नवा फीड पंप, नवा फिल्टर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचेच ऑइल, १५डब्ल्यू-४०. आधी घातलेले ते घट्ट ऑइल पुन्हा नको, असे मिस्त्री म्हणाला. त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. घट्ट ऑइलाने दिवा काही दिवस गप्प बसतो, पण सकाळच्या थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावते आणि खरे दुखणे झाकून ठेवते. आबांच्या जीपला त्या घट्ट ऑइलाने आठ दिवस झाकलेच होते.

जुना फिल्टर मिस्त्रीने करवतीने कापला आणि आतला कागद उन्हात पसरून पाहिला. घड्यांमध्ये बारीक रुपेरी कण होते. चुंबक फिरवले, ते चिकटले नाहीत. म्हणजे लोखंड नव्हे, बेअरिंगवरच्या मऊ धातूचे कण. तांबूस रंगाचे असते तर वरचा थर संपून आतला थर लागला असे म्हणावे लागले असते. रुपेरी होते, पण होते. तेव्हा आबा आणि वहिनी दोघेही गप्प झाले.

मग राहिली खरी मोजणी. स्विच काढून त्या जागी दाबाचा गेज लावायचा, इंजिन पुरते तापवायचे आणि आकडा वाचायचा. हे काम तासाभरात होते आणि खर्च फार नाही, तरी तिन्ही गॅरेजांत कोणी केले नव्हते. आबांनी उत्साहाने ठिबकचा गेज काढून आणला! त्याचे आटे वेगळे, तो तिथे बसत नाही. आणि जबरदस्तीने बसवला तरी त्या जागेतून गरम ऑइल उडाले तर हात भाजतो आणि मिनिटाभरात चेंबर रिकामे होऊ शकते. मिस्त्रीकडे नळीचा गेज होता. अर्धा तास इंजिन तापवल्यावर मंद चालीवर पाऊण किलोच्या जरा वर आणि साधारण दोन हजार फेऱ्यांना, म्हणजे मिस्त्रीच्या कानाने दोन हजार, अडीच किलोच्या वर काटा गेला. मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा की हजार फेऱ्यांमागे दहा पौंड, म्हणजे पाऊण किलोला थोडा कमी, इतका दाब तरी असावा. त्या मानाने चालीतला दाब चांगला आणि मंद चालीवरचा जुन्या इंजिनाला बरा. दिवा लागला नाही.

सगळे मिळून पाच हजारांच्या आत भागले. वहिनींची पिशवी जशी आली तशी परत गेली.

आता तुमच्या गाडीचा दिवा वेगळ्या वेळी लागत असेल तर त्याचा अर्थही वेगळा. वळणावर, ब्रेक मारताना किंवा चढावर लागून जात असेल तर आधी पट्टी पाहा. ऑइल कमी असले की ते एका बाजूला कलंडते आणि जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. बऱ्याच गाड्यांत पट्टीच्या दोन खुणांमध्ये लिटरभराचेच अंतर असते, तेव्हा खालच्या खुणेपर्यंत जाऊ देऊ नये. उलट मंद चालीवर विझलेला दिवा वेग वाढवला की लागत असेल, तर जाळी बुजल्याचा संशय घ्यावा. गाळ तर असतोच, पण चेंबर बसवताना थापलेल्या गॅस्केट पेस्टचे तुकडेही तिथे जाऊन अडकतात. पेस्ट जास्त थापली की काम पक्के झाले असे काही मिस्त्रींना वाटते, त्याला इलाज नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा विझायला सात-आठ सेकंद लागत असतील तर फिल्टर पाहा. हलक्या फिल्टरातला ऑइल अडवणारा रबरी पडदा नीट बसत नाही आणि रात्रीतून फिल्टर रिकामा होतो.

आणि खड्ड्यात लागतो, थंड इंजिनातही लागतो, रेस केली तरी लागतो, कशाला कशाचा मेळ नाही, असे असेल तर वायर. जुन्या साध्या गाड्यांत स्विचला एकच वायर असते. दाब नसला की स्विच तिला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. म्हणून ती वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला लागली तरी दिवा लागतो. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा, स्विचची वायर काढून हवेत धरा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठे तरी बॉडीला लागली आहे. विझला तर वायर बरी, पण म्हणून इंजिन बरे असे होत नाही, हे माझ्याकडून ऐका. नव्या गाड्यांत हा प्रयोग करू नका. त्यांत संगणक असतो आणि तपासायचे यंत्र लावूनच दोष काढावा लागतो. किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू होण्याआधी दिवा लागतो की नाही, हे मात्र कोणत्याही गाडीत पाहावे. लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलेला असेल. जुनी गाडी घेताना हे आधी पाहा.

नव्या डिझेल गाड्यांविषयी एवढेच. एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या बऱ्याच गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करताना इंजिनात थोडे जास्त डिझेल सोडले जाते आणि त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर साफसफाई मधेच तुटते आणि हे जास्त होते. तेव्हा गाडी नवी आहे म्हणून पट्टीकडे पाहायचे नाही, असे करू नका.

चालत्या गाडीत दिवा लागला तर काय करावे, हे वहिनींनीच विचारले. आधी गाडी सावरा, रस्त्याच्या कडेला थांबवा, हँडब्रेक लावा आणि मग इंजिन बंद करा. घाटात चालत्या गाडीचे इंजिन बंद करू नका. ब्रेकचा जोर जातो, काही गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते आणि इंजिन वाचवायला जाल तर माणसे जातील. थांबल्यावर मात्र जवळच गॅरेज आहे म्हणून पुढे नेऊ नये. टोचन लावून न्यावी. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला तरी चालेल.

मिस्त्रीने पाचशे किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदलायला सांगितले होते, आत राहिलेले डिझेल निघून जावे म्हणून. परवा ते झाले. फिल्टर पुन्हा कापला, रुपेरी कण या वेळी चार-दोनच निघाले. तरी तोडा संपला की चेंबर खोलून एक बेअरिंग पाहू, असे मिस्त्रीचे म्हणणे आहे आणि आबांनी ते मान्य केले आहे. झिजले असेल तर तेव्हा बदलावे लागेल. त्याचा खर्च किती, ते पाहिल्याशिवाय तो सांगत नाही, मीही विचारले नाही.

वहिनींची वही मी पुन्हा पाहिली. दुधाच्या हिशेबामागे आता दर रविवारी एक ओळ असते, "पट्टी – मधोमध." काचेवरचा टिकलीचा डाग त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला आहे.

पाऊस तोंडावर आला आहे. पुढच्या आठवड्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण ओल्या गोणपाटावर कशी तपासायची ते सांगतो. शंभर दाणे मोजून बाजूला काढून ठेवा.